सी प्रकल्पातील छोटी सहायक फंक्शन्स: सर्व प्रोग्राम्सना एकच प्रत, की ज्याची त्याची वेगळी?

धागा
आमच्या प्रकल्पात सी भाषेतले अकरा छोटे कमांड-लाइन प्रोग्राम आहेत. मेमरी मागणारे आणि ती न मिळाल्यास संदेश छापून प्रोग्राम थांबवणारे चार-पाच ओळींचे फंक्शन त्यांपैकी सात प्रोग्राम्समध्ये स्वतंत्रपणे लिहिलेले आढळले. घटकांची संख्या आणि आकार यांचा गुणाकार ओव्हरफ्लो होतो का (यंत्राच्या ठरलेल्या बिटांत न मावण्याइतका मोठा होतो का), ही तपासणी पाच प्रतींत होती आणि दोन प्रतींत राहून गेली होती. ३२ बिटांच्या यंत्रावर १०७३७४१८२५ गुणिले ४ केल्यास वरचा बिट गळून उत्तर ४ येते. म्हणजे हाती चार बाइट पडतात आणि प्रोग्राम मात्र शंभर कोटींहून अधिक घटक लिहायला निघतो. म्हणून अशी फंक्शन्स एकत्र करून त्यांची स्टॅटिक लायब्ररी (प्रोग्राम तयार होतानाच त्यात जोडला जाणारा सामायिक कोड) करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रतिसाद (असहमत)
आपण दाखवलेली चूक गंभीर आहे, पण उपायातही धोका आहे. सामायिक फंक्शन अपयशी ठरल्यावर प्रोग्राम कोणत्या स्थितिअंकाने (संपताना प्रोग्राम देतो त्या निकालाच्या अंकाने) थांबवणार? बहुतेक प्रोग्राम १ देतात. पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकानुसार ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र १ म्हणजे 'शोधलेले सापडले नाही', आणि त्रुटीसाठी १ पेक्षा मोठा अंक द्यावा लागतो. मेमरी संपली असताना ग्रेपने १ दिला, तर त्यावर विसंबलेली शेल स्क्रिप्ट (कमांड्स ओळीने चालवणारी फाइल) 'मजकूर नाही' असे समजून पुढे जाईल. शिवाय अशा फंक्शन्सची 'युटिल' नावाची फाइल पाहता पाहता अडगळीची खोली होते, आणि तिच्यातली एक ओळ बदलली की अकराही प्रोग्राम पुन्हा तपासावे लागतात.

दुसरा प्रतिसाद (पहिल्या प्रतिसादाशी असहमत)
ग्रेपचे उदाहरण अचूक आहे, पण तो दोष फंक्शनच्या रचनेचा आहे, सामायिकतेचा नाही. सकलेस या गटाच्या एसबेस (युनिक्स कमांड्सचा संच) प्रकल्पात यासाठीच दोन फंक्शन्स आहेत: 'ईप्रिंटएफ' १ देऊन थांबते, तर 'ईएनप्रिंटएफ' स्थितिअंक आपल्याकडून घेते. सुट्या प्रतींची किंमत काय असते, हे २००२ मध्ये दिसले. डेटा संकुचित करणाऱ्या झेडलिब या लायब्ररीमध्ये एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याची चूक सापडली, तेव्हा सामायिक लायब्ररी बदलून काम भागले नाही. ज्या प्रोग्राम्सनी तो कोड आपल्या पोटात घेतला होता, ते एकेक शोधून दुरुस्त करावे लागले.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर
झेडलिब ही पूर्ण लायब्ररी आहे. चार ओळींच्या फंक्शनला तो दाखला लावणे मला पटत नाही. स्थितिअंकाचा मुद्दा मात्र मान्य आहे. तरीही माझी अट राहील की लायब्ररीत तेच फंक्शन जावे, जे किमान तीन प्रोग्राम खरोखर वापरतात आणि ज्याचा अर्थ त्या तिन्ही ठिकाणी एकच आहे.

धागाकर्त्याचे उत्तर
ही अट मी स्वीकारतो. गुणाकार तपासणारे 'रीअलॉकअ‍ॅरे' ओपनबीएसडी या कार्यप्रणालीत २०१४ मध्ये आणि जीलिबसी या सी लायब्ररीत २०१७ मध्ये आले. जिथे ते नाही, तेवढ्यापुरती आमची प्रत लायब्ररीत राहील. प्रत्येक फंक्शन स्वतंत्र फाइलीत ठेवतो, कारण लिंकर (कोडचे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारे साधन) स्टॅटिक लायब्ररीतून लागतील तेवढ्याच ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) उचलतो. ती दोन सदोष फंक्शन्स आजच काढली आहेत. मेमरी न मिळाल्यास ग्रेप २ देतो का, याची चाचणी लिहायला घेतली आहे.