सल्ला हवा : ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदवीरांची गाणी, मराठी श्रोत्यांसाठी

धागाकर्ती

नमस्कार. नाशिकरोडला आमचे एक लहानसे श्रवणमंडळ आहे. महिन्यातून एकदा वीस-बावीस जण कुणाच्या तरी घरी जमतात, एक विषय घेऊन दीड तास गाणी ऐकतात आणि त्यांवर बोलतात. पुढच्या बैठकीसाठी मी दूरचित्रवाणीवरच्या ब्रिटिश विनोदवीरांनी गायलेली आणि तिथल्या खपाच्या यादीत वर गेलेली गाणी हा विषय घेतला आहे. आमचे बहुतेक श्रोते सत्तरीच्या आसपासचे आहेत. त्यांना इंग्रजी वाचता येते, परंतु लंडनच्या किंवा वेल्सच्या बोलीतले इंग्रजी कानावर पडले की निम्मे शब्द निसटतात. मागे एका बैठकीत मी ओळीओळीचा अर्थ सांगत बसले आणि गाण्यातली सगळी गंमत तिथेच विरून गेली. तेव्हा शब्द पूर्ण कळले नाहीत तरी चालीवर, आवाजावर आणि कथेवर उभी राहतील अशी पाच-सहा गाणी सुचवावीत, ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, आरंभ बेनी हिल यांच्या ‘अर्नी’ने करा. १९७१च्या नाताळात हे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते आणि तिथे ते सलग चार आठवडे टिकले. गाणे सुरू करण्यापूर्वी कथा एकदाच, दोन मिनिटांत सांगून टाका. घोडागाडीतून दूध घालणारा अर्नी एका विधवेवर जीव लावतो, पाववाला टेड त्याचा प्रतिस्पर्धी होतो, दोघांची भर रस्त्यात जुंपते आणि शिळी ‘पोर्क पाय’ (मांस भरलेली भाजकी कचोरी) डोळ्यावर बसून अर्नी मरतो. पुढे त्याचे भूत येते आणि रात्री दुधाच्या बाटल्यांचा खळखळाट ऐकू येतो. आपल्याकडे एखाद्या गवळ्यावर पोवाडा रचावा आणि शाहिराने तो तितक्याच त्वेषाने म्हणावा, तसे हे काम आहे. चाल काउबॉय चित्रपटांतल्या वीरगीतांची घेतलेली आहे, आणि हिल कुठेही हसत नाहीत. तरुणपणी त्यांनी स्वतः इंग्लंडमधल्या ईस्टली गावात दूध घालण्याचे काम केले होते, त्यामुळे या गाण्यातली गाडी आणि बाटल्या त्यांच्या ओळखीच्या होत्या.

त्यानंतर क्लाइव्ह डन यांचे ‘ग्रँडॅड’ लावा. जानेवारी १९७१मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा डन नुकतेच एक्कावन्न वर्षांचे झाले होते. ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेत ते म्हाताऱ्या कॉर्पोरल जोन्सची भूमिका करत, म्हणून लोकांच्या मनात ते आजोबाच होते. हे गाणे हर्बी फ्लॉवर्स आणि केनी पिकेट यांनी लिहिले. त्यांपैकी फ्लॉवर्स हे बेस या खर्जातल्या तंतुवाद्याचे अव्वल दर्जाचे वादक. लू रीड यांच्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ या गाण्याची प्रसिद्ध बेसची ओळ त्यांनीच वाजवलेली आहे. भोवरे, चाके फिरवण्याचे खेळ, पहिल्यांदा पाहिलेल्या मोटारींची वाटलेली भीती अशा आठवणी आजोबा सांगतात आणि मध्ये मुले त्यांना दोन स्वरांत हाक मारतात. ती हाक दारावरच्या घंटेसारखी वाजते. या गाण्याला भाषांतराची गरजच पडणार नाही.

प्रतिसाद २

आपण नाशिकरोडच्या आहात, म्हणून एक गाणे अगत्याने सुचवतो. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही बीबीसीची मालिका १९७४ साली सुरू झाली आणि तिची कथा सुरुवातीला चक्क देवळालीत घडते. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक जिथे अडकून पडत, त्या छावणीतली ही एक करमणूक करणारी तुकडी आहे. वेड लागल्याच्या अर्थाचा ‘डूलॅली’ हा इंग्रजी शब्दही आपल्या देवळालीच्याच नावावरून आला आहे. मालिकेचे एक लेखक जिमी पेरी स्वतः युद्धकाळात देवळालीला होते.

त्या मालिकेतल्या विंडसर डेव्हिस आणि डॉन एस्टेल यांनी १९७५मध्ये ‘व्हिस्परिंग ग्रास’ ध्वनिमुद्रित केले आणि जूनमध्ये ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. मूळ गाणे १९४०च्या सुमाराचे, ‘इंक स्पॉट्स’ या अमेरिकी गायकवृंदाने लोकप्रिय केलेले. एस्टेल अगदी ठेंगणे होते, पण त्यांचा आवाज उंच, स्वच्छ आणि खरोखर गोड आहे. डेव्हिस मालिकेतल्या आपल्या सार्जंट मेजरच्या त्या करड्या, वेल्श सुरात मधल्या ओळी नुसत्या बोलतात. श्रोत्यांना एवढेच सांगा की एकजण मनापासून गातो आहे आणि दुसरा कवायत घेतल्यासारखा बोलतो आहे. पुढचे सगळे कानच करतील.

धागाकर्ती

देवळाली आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरी मला हे ठाऊक नव्हते. मनःपूर्वक आभार. विनोदी नट पीटर सेलर्स आणि अभिनेत्री सोफिया लॉरेन यांचे १९६०चे ‘गुडनेस ग्रेशस मी’ घ्यावे का? त्यात सेलर्स यांनी भारतीय डॉक्टर होऊन काढलेला उच्चार ऐकताना मला थोडे अवघडल्यासारखे होते.

प्रतिसाद ३

माझे मत असे की घ्यावे, परंतु शेवटी घ्यावे आणि त्यावर मोकळेपणाने बोलावे. ध्वनिमुद्रण-निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ‘बीटल्स’ भेटण्याआधी केलेली ही निर्मिती आहे आणि गाण्याची बांधणी फार नेटकी आहे, म्हणूनच ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. तरीही आपल्या उच्चाराची नक्कल हाच त्यातला निम्मा विनोद आहे, हे झाकू नये. देवळालीच्या मालिकेतही हाच प्रश्न येतो. तिथे रंगी राम या भारतीय नोकराची भूमिका मायकल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केली. ते झाशीला जन्मलेले होते आणि त्यांना इथली भाषा चांगली येत होती, तरी आज ते पाहवत नाही. पुढे १९९८मध्ये ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या कलाकारांनी आपल्या विनोदी मालिकेला मुद्दाम याच गाण्याचे नाव दिले. ही गोष्ट सांगितलीत तर चर्चा आपोआप होईल.

प्रतिसाद ४

‘द गुडीज’ या दूरचित्रवाणीवरच्या विनोदी त्रिकुटाचे ‘द फंकी गिबन’ (१९७५, चौथा क्रमांक) विसरू नका. बिल ऑडी यांनी ते उत्तम ताल धरून रचले आहे. गिबन या वानराचे आवाज बाजूला ठेवून फक्त बेस आणि ड्रम ऐकायला सांगा. १९८६चे ‘लिव्हिंग डॉल’ही घ्यावे, त्यात लखनौला जन्मलेले क्लिफ रिचर्ड आपले जुने गाणे सरळपणे गातात आणि ‘द यंग वन्स’ या विनोदी मालिकेतले चौघे त्यात अखंड धुडगूस घालतात. आधी १९५९ची मूळ ध्वनिफीत अर्धा मिनिट ऐकवलीत, तर दुसरी ऐकताना कुणाला काही समजावावे लागणार नाही.

धागाकर्ती

क्रम ठरला : अर्नी, ग्रँडॅड, गिबन, लिव्हिंग डॉल, मग व्हिस्परिंग ग्रास आणि शेवटी सेलर्स. आमच्यातल्या एक आजी देवळालीच्या छावणीजवळ वाढलेल्या आहेत. व्हिस्परिंग ग्रास लावण्यापूर्वी त्यांना तिथल्या आठवणी सांगायची विनंती करणार आहे.