श्रीलंकेची शासनपद्धती : अध्यक्षीय की अर्ध-अध्यक्षीय? मदत हवी आहे

कोशातील नोंदीत श्रीलंकेची शासनपद्धती ‘अध्यक्षीय’ (कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षांच्या हाती) लिहावी की ‘अर्ध-अध्यक्षीय’ (ती राष्ट्राध्यक्ष आणि संसदेला उत्तरदायी पंतप्रधान व मंत्रिमंडळ यांच्यात विभागलेली), यावर आम्हा संपादकांचे एकमत होत नाही. १९७८च्या संविधानानुसार राष्ट्राध्यक्ष थेट जनतेकडून निवडले जातात आणि तेच मंत्रिमंडळाचे प्रमुख असतात. मात्र पंतप्रधानही आहेत आणि मंत्रिमंडळ संसदेला उत्तरदायी आहे. त्यातच २०१५च्या १९व्या दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांचे अधिकार कमी केले, २०२०च्या २०व्या दुरुस्तीने ते बहुतांशी परत दिले आणि २०२२च्या २१व्या दुरुस्तीने पुन्हा आवळले. एक सहकारी संविधानाचा मजकूरच प्रमाण मानतात, दुसरे प्रत्यक्ष सत्ता कोणाच्या हाती आहे ते पाहा म्हणतात. संपादकांचे मतदान घेऊन असा प्रश्न निकाली काढणे मला तरी पटत नाही. माहितीचौकटीत (नोंदीतील ठळक माहितीच्या तक्त्यात) एकच संज्ञा देऊन अभ्यासकांमधील मतभेद मुख्य मजकुरात मांडावेत का, आणि ती संज्ञा कोणत्या निकषावर ठरवावी, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.