बॅकअपचे सॉफ्टवेअर निवडताना: ते सॉफ्टवेअर नसतानाही फायली उघडता यायला हव्यात का?

दीपमाळ (धागाकर्ता):

स्वतःच्या संगणकासाठी बॅकअपचे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे विचारले की उत्तरे बहुधा वेग, आपोआप चालणारे वेळापत्रक आणि जागेची बचत यांभोवती फिरतात. माझ्या मते या तिन्हींच्या आधी एक कसोटी लावायला हवी. उद्या ते सॉफ्टवेअर मिळेनासे झाले, तर आपल्या फायली आपल्याला उघडता येतील का? याचे उत्तर 'नाही' असेल तर ते सॉफ्टवेअर व्यक्तिगत वापरासाठी घेऊ नये.

ही भीती काल्पनिक नाही. विंडोज एक्सपीमधली एनटीबॅकअप ही सोय सगळा बॅकअप बीकेएफ प्रकारच्या एका मोठ्या फाइलमध्ये बांधून ठेवत असे. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टामधून ती सोय गेली आणि जुने बॅकअप उघडण्यापुरते एक साधन मायक्रोसॉफ्टला वेगळे द्यावे लागले. इंटरनेटवर बॅकअप ठेवणाऱ्या क्रॅशप्लॅनने २०१७ मध्ये घरगुती ग्राहकांची सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि २०१८ च्या ऑक्टोबरात ती बंद झालीही. माझ्यापुरते सांगायचे तर एका सॉफ्टवेअरने घेतलेल्या बॅकअपची फाइल माझ्याकडे आजही जपून ठेवलेली आहे, परंतु त्याची नवी आवृत्ती ती फाइल ओळखत नाही आणि जुनी आवृत्ती आताच्या संगणकावर चालत नाही. वडिलांच्या हस्ताक्षरातली पत्रे स्कॅन करून मी त्यातच ठेवली होती. मूळ कागद त्यानंतर भिजून गेले.

म्हणून मी साध्या प्रतींचा आग्रह धरतो. विंडोजमधील फाइल हिस्टरी प्रत्येक आवृत्तीच्या नावापुढे कंसात तारीख आणि वेळ घालून ती साध्या फोल्डरमध्ये ठेवते, त्यामुळे 'प्रबंध (२०१९_०३_०९ ०४_१२_३०)' अशा धाटणीची फाइल कोणत्याही संगणकावर थेट उघडता येते. लिनक्सवर आरसिंक हे प्रती करणारे साधन हार्ड लिंकच्या, म्हणजे एकदाच साठवलेल्या फाइलला अनेक ठिकाणी नावे देण्याच्या सोयीच्या, आधारे दर दिवसाचे पूर्ण दिसणारे फोल्डर तयार करू शकते आणि न बदललेल्या फायलींना पुन्हा जागा लागत नाही. याहून अधिक कशाची गरज आहे, हे विरुद्ध मताच्या सदस्यांनी सांगावे.

रानवाट:

पत्रांबद्दल वाचून वाईट वाटले. तरीही आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही, कारण साध्या प्रतीला स्वतःची तपासणी करता येत नाही.

आपण सांगितलेल्या हार्ड लिंकच्या रचनेत तीनशे दिवसांचे तीनशे फोल्डर दिसतात, पण न बदललेला फोटो डिस्कवर प्रत्यक्षात एकदाच असतो. त्या जागी डिस्क खराब झाली तर तीनशेही फोल्डरांमधला तो फोटो एकदमच बिघडतो, आणि तो उघडून पाहीपर्यंत कोणालाही कळत नाही. रेस्टिक किंवा बोर्ग यांसारखी, फायलींचे तुकडे पाडून साठवणारी बॅकअपची साधने प्रत्येक तुकड्याची गणिती खूण जपून ठेवतात. त्यामुळे तपासणीची आज्ञा देऊन साठवलेला सगळा मजकूर पुन्हा वाचायला लावला की कुठला तुकडा बिघडला आहे ते मूळ फाइल हाताशी असतानाच कळते.

दुसरा मुद्दा मोठ्या फायलींचा आहे. माझा सगळा पत्रव्यवहार अकरा जीबीच्या एका फाइलमध्ये आहे. दिवसभरात एक ईमेल आला तरी ती फाइल 'बदललेली' ठरते आणि साध्या प्रतीच्या पद्धतीत सगळेच्या सगळे अकरा जीबी पुन्हा उतरवावे लागतात. तुकडे पाडून साठवणारे सॉफ्टवेअर फक्त बदललेले तुकडे घेते, म्हणून त्याच डिस्कवर मला आठवड्याऐवजी वर्षभराच्या आवृत्त्या ठेवता येतात.

शिवाय साध्या प्रतींची डिस्क हरवली तर सापडणाऱ्याला आपले सगळे आयुष्य वाचता येते.

शाईपेन:

मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते, कारण आपण दोघेही फक्त फायलींचा विचार करत आहात. डिस्क बंद पडते तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम, बसवलेली सॉफ्टवेअरे, त्यांचे परवाने आणि वर्षानुवर्षे जमवून आणलेली मांडणी, हे सगळेच एकदम जाते. संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसह तिच्यावरच्या सगळ्याची जशीच्या तशी प्रत, असेल तर नवी डिस्क बसवून, पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, काही तासांत आपण पुन्हा कामाला लागतो. क्लोनझिला हे काम विनामूल्य करते. विंडोज चालू असतानाच इमेज घेणारी सॉफ्टवेअरे शॅडो कॉपीची, म्हणजे डिस्कची त्या क्षणीची स्थिती धरून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, मदत घेतात, त्यामुळे उघड्या फायलींचीही सुसंगत प्रत मिळते. साध्या कॉपीला तीच फाइल 'वापरात आहे' म्हणून वगळावी लागते. एकेक सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्यात माझे चार दिवस गेलेले आहेत आणि ती वेळ मी पुन्हा येऊ देणार नाही.

दीपमाळ:

हार्ड लिंकचा मुद्दा मान्य आहे, मी त्याचा पुरेसा विचार केलेला नव्हता. मात्र त्यावर दोन वेगळ्या डिस्कवर आलटून पालटून प्रत घेणे हाही उपाय आहे आणि दुसरी डिस्क तशीही हवीच. चोरीच्या भीतीसाठी बॅकअपचे सॉफ्टवेअर बदलायचे कारण नाही. व्हेराक्रिप्टने संपूर्ण डिस्क कूटबद्ध (पासवर्डशिवाय न वाचता येणारी) करता येते आणि कुलूप उघडल्यावर आत फायली साध्याच राहतात. रेस्टिकमध्ये कूटबद्धता काढूनच टाकता येत नाही, आणि पासवर्ड हरवला तर बॅकअपही गेला. व्हेराक्रिप्टचा पासवर्ड हरवला तरी हेच होईल हे मला ठाऊक आहे, पण ते कुलूप लावायचे की नाही, हे निदान मला ठरवता येते.

इमेजविषयी माझे मत मात्र बदललेले नाही. ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा मिळते, पत्रे मिळत नाहीत. ज्याला एकच गोष्ट जमणार आहे, त्याने फायलींपासून सुरुवात करावी.

उंबरठा:

चर्चा रचनेवर चालली आहे, पण निवडीत याहून निर्णायक ठरणारी एक गोष्ट राहून गेली आहे असे वाटते. बॅकअपची डिस्क सतत जोडलेली राहावी अशी ज्या सॉफ्टवेअरची अपेक्षा असते, ते रॅन्समवेअरपुढे, म्हणजे फायली कूटबद्ध करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमपुढे, टिकत नाही. २०१७ च्या मे महिन्यात पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जोडलेल्या बाह्य डिस्कवरील फायलीही कूटबद्ध केल्या आणि शॅडो कॉपी पुसून टाकल्या. आपल्या साध्या प्रतीही त्यात गेल्या असत्या आणि रेस्टिकचे तुकडेही. म्हणून डिस्क जोडताच काम सुरू करून, ते संपल्याचे स्पष्ट सांगणारे सॉफ्टवेअर मी निवडते आणि डिस्क लगेच काढून कपाटात ठेवते. क्लाउडमध्ये फोल्डर जुळवून ठेवणाऱ्या सेवेलाही कृपया कोणी बॅकअप समजू नये, कारण येथे पुसलेली फाइल तेथेही पुसली जाते आणि परत मिळवण्याची मुदत ठरावीक दिवसांचीच असते.

रानवाट:

दीपमाळ, आपल्या मूळ कसोटीत थोडा बदल सुचवतो. 'सॉफ्टवेअर नसताना' याऐवजी 'कंपनी नसताना' असे म्हणावे. रेस्टिकची साठवणीची रचना जाहीरपणे लिहून ठेवलेली आहे, मूळ कोड खुला आहे आणि संपूर्ण प्रोग्रॅम म्हणजे एकच फाइल आहे. मी ती फाइल विंडोज आणि लिनक्स या दोन्हींसाठी बॅकअपच्या डिस्कवरच, साठ्याशेजारी ठेवतो, आणि पासवर्ड कागदावर लिहून घराबाहेर एका विश्वासू नातेवाइकाकडे ठेवलेला आहे. आपल्या त्या जुन्या बॅकअपची अडचण तो बांधीव होता ही नव्हती. त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती, ही होती.

दीपमाळ:

हा बदल मी स्वीकारतो. ईमेलच्या फाइलसाठी रेस्टिक वापरून पाहीन. फोटो आणि पत्रांसाठी मात्र साधी प्रतच ठेवीन, कारण माझ्या पश्चात ती डिस्क ज्यांच्या हाती जाईल त्यांना रेस्टिकच्या आज्ञा काळ्या पडद्यावर टाइप करता येणार नाहीत.

शाईपेन:

वरची चर्चा वाचून मी काल माझी इमेज प्रथमच उघडून पाहिली. ती जोडली गेली, त्यातून एक हिशेबाची फाइल बाहेर काढली आणि ती नीट उघडली. त्यानंतर फोटो शोधले, तर ते नव्हते. मी फोटो डी ड्राइव्हवर ठेवतो आणि सॉफ्टवेअरने सुरुवातीलाच फक्त सी ड्राइव्ह निवडलेला होता. प्रत्येक वेळी 'काम यशस्वी' असा संदेश येत होता आणि सी ड्राइव्हपुरता तो खराही होता. इमेज हवीच, या मतावर मी ठाम आहे. मात्र डी ड्राइव्हची साधी प्रत काल रात्रीच वेगळ्या डिस्कवर सुरू केली. ती सकाळी पूर्ण झाली आणि आता प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधला एकेक फोटो उघडून पाहत आहे. २०१४ पर्यंत पोहोचलो आहे.