मदत हवी आहे : बेसबॉल सोडलेल्या आजोबांना मॅचला कुठे न्यावं?

मंडळी, आम्ही ओकलंडजवळ राहतो. शेजारचे अमेरिकन आजोबा 1968 पासूनचे ओकलंड अॅथलेटिक्स या बेसबॉल टीमचे, म्हणजे एज्‌चे भक्त. 1972, 73, 74 अशी सलग तीन विजेतेपदं त्यांनी पाहिली. बेसबॉल मला त्यांनीच शिकवला, नाहीतर आपण क्रिकेटवाले!

सप्टेंबर 2024 मध्ये टीम ओकलंडचं कोलिझियम स्टेडियम सोडून गेली. आता सॅक्रामेंटोत खेळते, पुढे लास व्हेगास. तेव्हापासून आजोबा टीव्ही लावतच नाहीत. तक्रारी आधीपासून होत्याच : 1994 चा खेळाडूंचा संप, ज्यात वर्ल्ड सीरिजच (विजेतेपदाची अंतिम मालिका) रद्द झाली, आणि हल्लीचा 'एक तर होमरन, नाहीतर स्ट्राइकआउट' खेळ (म्हणजे एक तर षटकारासारखा फटका, नाहीतर चेंडू न मारताच बाद). 2023 पासून पिच क्लॉकमुळे (पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचा नियम) सामने बरेच आटोपशीर झालेत, हे सांगून पाहिलं. म्हणाले, "वेळ मला कधी नडलाच नव्हता."

पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस आहे. शेजारच्या प्रतिस्पर्धी टीमची, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची तिकिटं काढली तर जखमेवर मीठ होईल का? की वेस्ट ओकलंडमध्ये रायमोंडी पार्कला बॉलर्सची (ओकलंडची छोटी स्थानिक टीम) मॅच दाखवू? तिथे कोणी गेलंय का? म्हाताऱ्या माणसाला बसायला, पार्किंगला कसं आहे? प्लीज सांगा.