ग्रंथालयाची लेबलं आणि नवा स्कॅनर (सोसायटी ग्रुप)

शुभाताई (ग्रंथालय): सेक्रेटरी साहेब, तिसऱ्यांदा लिहितेय. नवी लेबलं लावलेली निम्मी पुस्तकं स्कॅनर घेत नाही. जुनी घेतो. बालविभागातलं तर एकही नाही. रविवारी रांग लागते आणि बोलणी मी खाते.

अण्णा (बी-४०२): नवा स्कॅनर घ्या. मागच्या सभेत हेच म्हणालो होतो. इतिवृत्त काढून बघा.

खजिनदार: इतिवृत्तात "विचार करू" एवढंच आहे, अण्णा.

अण्णा (बी-४०२): विचार करायला वर्ष लागतं का?

निखिल (सी-७०१): जुनी लेबलं वाचतोय म्हणजे स्कॅनर धडधाकट आहे. ताई, न वाचणाऱ्या एका लेबलचा जवळून, सरळ फोटो टाका.

शुभाताई (ग्रंथालय): [फोटो]

बापट काका (डी-२०५): [फॉरवर्ड] सावधान! बारकोडचे पहिले तीन आकडे बघा, वस्तू कुठल्या देशात बनली ते लगेच कळते. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

मेघना (ए-१०३): काका, तो आत्ताचा विषय नाही 🙏
शुभाताई, फोटो मोठा करून बघा. रेषांच्या कडा करड्या, धुरकट आहेत. बारकोडचं चित्र ग्रुपवरून पाठवलं गेलं, तिथे ते दाबलं गेलं. मग वर्डमध्ये चिकटवून कोपरा धरून ओढलं. असंच झालं ना?

सेक्रेटरी: लेबलं ज्यांनी केली ते ग्रुपवर आहेत, त्यांनी खुलासा करावा.

खजिनदार: तुम्हीच केली होती.

सेक्रेटरी: मी फक्त प्रिंट काढली. चित्रं मला तशीच आली.

मेघना (ए-१०३): कोणी केली ते जाऊ दे, काय झालं ते सांगते. आपल्या बारकोडचा प्रकार 'कोड १२८' आहे. त्यात एक अक्षर किंवा दोन आकडे म्हणजे एक खूण. थांबण्याची खूण सोडली तर प्रत्येक खुणेत ३ काळ्या रेषा आणि ३ पांढऱ्या फटी, रुंदी १ ते ४ एकक (एकक म्हणजे सगळ्यात बारीक रेषेची रुंदी), सगळ्यांची बेरीज ११. स्कॅनर फक्त हे रुंदीचं प्रमाण मोजतो. उंचीशी त्याला घेणंदेणं नाही. रेषा उंच असल्या की हात थोडा हलला तरी चालतं, एवढंच. चित्र ओढून लहान केलं की एखादं एकक प्रिंटरच्या ५ ठिपक्यांचं छापलं जातं, शेजारचं ७ चं. वर कडा पसरलेल्या. मग १ एककाची फट भरून येते आणि २ एककाची रेषा ३ ची वाटते. शेवटी तपासणीची खूण असते, तिचा हिशेब जुळला नाही की स्कॅनर गप्प बसतो. चुकीचा आकडा देण्यापेक्षा गप्प बसणं बरं.

अण्णा (बी-४०२): चांगला स्कॅनर असता तर गप्प बसला नसता.

निखिल (सी-७०१): अण्णा, छापतानाच गेलेली माहिती कुठलाही स्कॅनर परत आणत नाही. महागडा फार तर थोडं जास्त सहन करेल.
आणि त्या फोटोत दुसरा घोळ दिसतोय. बारकोडला चिकटून नक्षीची चौकट आहे. कोडच्या दोन्ही बाजूंना किमान १० एककं कोरी जागा लागते. कोड कुठे सुरू झाला, कुठे संपला हे त्या कोऱ्या जागेवरून कळतं. चौकटीची उभी रेष तिथे आली की स्कॅनर तीही मोजायला घेतो.

बापट काका (डी-२०५): चौकट आमच्या सूनबाईंनी हौसेने काढून दिली होती. तेव्हा सगळ्यांनी वा वा केली.

शुभाताई (ग्रंथालय): काका, चौकट सुंदरच आहे. स्कॅनरला कळत नाही.

सी-३०१: स्कॅनरला सौंदर्यदृष्टी असलेलं मॉडेल घ्या 😄

अण्णा (बी-४०२): म्हणजे नवाच घ्या. हेच म्हणतोय मी.

शुभाताई (ग्रंथालय): बालविभागाचं काय? तिथे चौकट नाही, छपाईही स्वच्छ आहे.

निखिल (सी-७०१): ती लेबलं लाल शाईची आहेत ना?

शुभाताई (ग्रंथालय): हो, विभाग ओळखू यावा म्हणून.

निखिल (सी-७०१): मग सुटलं कोडं. आपल्या स्कॅनरचा लेझर लाल आहे, साधारण ६५० नॅनोमीटरचा. पांढरा कागद तो उजेड परत फेकतो आणि लाल शाईही जवळपास तेवढाच फेकते. आतल्या सेन्सरला दोन्ही सारखेच, म्हणजे लेबल कोरं! खात्री करायची तर लाल जिलेटिनचा कागद डोळ्यासमोर धरून लेबल बघा, रेषा पुसट होतील. रेषा काळ्याच ठेवा. विभागासाठी लाल हवाच असेल तर तो पार्श्वभूमीला द्या. लालवर काळं चालतं, पांढऱ्यावर लाल चालत नाही.

शुभाताई (ग्रंथालय): बघितलं. खरंच गायब झाल्या रेषा!

बापट काका (डी-२०५): [फॉरवर्ड] सावधान! बारकोडचे पहिले तीन आकडे बघा, वस्तू कुठल्या देशात बनली ते लगेच कळते...

निखिल (सी-७०१): काका, पुस्तकाच्या मागचा १३ आकडी कोड बघा. बहुतेकांवर सुरुवात ९७८ ने होते. हा कुठला देश? ९७८ पुस्तकांसाठी राखून ठेवलाय. इतर वस्तूंवर ते आकडे एवढंच सांगतात की कंपनीने क्रमांक कोणत्या देशाच्या जीएस१ संस्थेकडून (बारकोडचे क्रमांक देणारी संस्था) घेतला. माल कुठेही बनलेला असू शकतो.

बापट काका (डी-२०५): आलं तसं पाठवलं. माहिती म्हणून.

सी-३०१: त्या १३ आकड्यांतला शेवटचा कशासाठी असतो?

मेघना (ए-१०३): तपासणीसाठी. डावीकडून पहिल्या १२ आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची. समजा ९७८१२३४५६७८९. बेरीज १३३ येते, पुढचा दहाच्या पटीतला आकडा १४०, म्हणून तेरावा आकडा ७. हाताने क्रमांक टाकताना एखादा आकडा चुकला तर इथे पकडला जातो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर बहुतेक वेळा पकडला जातो, त्यांच्यात ५ चा फरक असेल तर मात्र निसटतो.

खजिनदार: नाव, लेखक, किंमत हे सगळं त्या रेषांमध्ये असतं ना?

मेघना (ए-१०३): नाही, फक्त क्रमांक. बाकी सगळं संगणकातल्या यादीत. म्हणून बीप वाजली म्हणजे नोंद झाली असं समजू नका. बीप म्हणजे कोड वाचला, इतकंच. यादीत तो क्रमांक नसेल तरी बीप वाजतेच.

शुभाताई (ग्रंथालय): यावरून आठवलं. कालपासून जुन्या लेबलांचीही गंमत चाललीये. क्रमांकाच्या आधी इंग्रजी ए छापलाय, संगणकात तिथे मराठी ओ येतो आणि "पुस्तक सापडले नाही".

निखिल (सी-७०१): कालपासून? काल त्या संगणकावर कोणी काही टाइप केलं का?

बापट काका (डी-२०५): मी केलं. पाण्याच्या टाकीची सूचना. मराठीत. त्यात काय चुकलं?

निखिल (सी-७०१): काही नाही चुकलं 😄 स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणून जोडलेला असतो. तो अक्षर पाठवत नाही, कळ दाबल्याचा संकेत पाठवतो. कीबोर्डची मांडणी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठी टायपिंगवर राहिली की मोठ्या एच्या कळीवर ओ उमटतो. खाली उजव्या कोपऱ्यात भाषा इंग्रजी करा आणि कॅप्स लॉक बंद आहे ना, तेही बघा.

शुभाताई (ग्रंथालय): झालं! ए आला.

सेक्रेटरी: सूचना मराठीतच लागतील, तो ठराव झालेला आहे.

खजिनदार: टाकीच्या खर्चाचं बिल मात्र अजून लागलेलं नाही.

सेक्रेटरी: तो विषय इथे नको.

अण्णा (बी-४०२): कुठलाच विषय इथे नको असतो. सभासद कार्डाचं काय? मोबाईलच्या पडद्यावरचं कार्ड हा स्कॅनर घेतच नाही. त्यालाही शाई जबाबदार का?

निखिल (सी-७०१): इथे अण्णांचं बरोबर आहे. लेझर कागदावरून परत आलेला उजेड मोजतो, मोबाईलचा पडदा स्वतःच उजेड देतो आणि वर काच. त्याला इमेजर लागतो, म्हणजे कॅमेऱ्यासारखा फोटो घेऊन वाचणारा. क्यूआर कोडसाठीही तोच, कारण लेझर एकाच ओळीत बघतो. कार्ड कागदावर छापून दिलं तर सध्याचा चालेल.

अण्णा (बी-४०२): ऐकलंत का सगळ्यांनी? बरोबर आहे म्हणाला.

खजिनदार: कार्डापुरतं म्हणाला.

मेघना (ए-१०३): लेबलांपुरतं लिहून ठेवते. चित्र चिकटवू नका, बारकोड लेबलच्या सॉफ्टवेअरमधूनच छापा. आपला प्रिंटर ६०० डीपीआय आहे, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके. एका एककाला पूर्ण ९ ठिपके द्या, म्हणजे ०.३८ मिमी. सहा आकड्यांचा क्रमांक कोड १२८ मध्ये ६८ एककांचा होतो, कारण आकडे जोडीजोडीने बसतात. म्हणजे २६ मिमी, दोन्हीकडची कोरी जागा धरून साडेतेहतीस. आपलं लेबल ३८ मिमी रुंद आहे, आरामात मावतं. छपाईच्या खिडकीत "पानात बसवा" बंद, प्रमाण १०० टक्के. आणि क्रमांकांची यादी एक्सेलमध्ये करणार असाल तर तो रकाना आधी टेक्स्ट करा, नाहीतर ००१२४७ मधली पुढची शून्यं उडतात.

शुभाताई (ग्रंथालय): वरून चकचकीत चिकटपट्टी लावतो ती चालेल?

मेघना (ए-१०३): मॅट लावा. चकचकीत असेल तर स्कॅनर नाकासमोर धरू नका, १०-१५ अंश तिरका धरा, नाहीतर उजेड आरशासारखा थेट परत येतो. आणि लेबल पुस्तकाच्या कण्यावर गुंडाळू नका, बाजूच्या रेषा वळणावर अरुंद दिसतात.

सेक्रेटरी: ठीक. एकदम सगळी नकोत, आधी एकच पान छापू.

मेघना (ए-१०३): त्या पानाच्या चारही कोपऱ्यांतली लेबलं वाचून बघा. कडेला शाई फिकी पडते.

बापट काका (डी-२०५): चौकट ठेवायची की नाही ते सांगा. सूनबाई विचारतायत.

निखिल (सी-७०१): ठेवा काका, फक्त रेषांपासून दोन्हीकडे ४ मिमी लांब. लेबलमध्ये मावेल अगदी कडेकडेने.

अण्णा (बी-४०२): आणि इमेजरचा ठराव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्या. "विचार करू" नको.