मुलांचं (किंवा तुमचं) पहिलं निवासी क्रीडा शिबिर: अनुभव लिहा

काल माळा आवरताना मल्लखांबाचा जुना लंगोट सापडला, एरंडेलाच्या डागांसकट. एकदम अमरावती आठवली. मे महिना, पारा 45 ला टेकलेला, आणि बाबा मला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात सोडून परत निघालेले. घराबाहेर एकटा पहिल्यांदाच. पहिल्या रात्री उशी ओली; पण पहाटे शिट्टी वाजली की रडायला सवड कुणाला? गुरुजी सांगायचे, इथली मुलं 1936 साली बर्लिन ऑलिंपिकला देशी खेळ दाखवून आली. मला मल्लखांबाला पायांची साधी अढी पडेना, पण मनात थेट बर्लिन! आता लेक शिबिराला निघालीय आणि घरात सगळ्यात हळवा मीच झालोय. लिहा तुमचंही.

मिरजेची माई
लेक खो-खोच्या शिबिराला. फोन फक्त रविवारी. मी सकाळपासून फोन हातात धरून. शेवटी आला. "आई, माझ्या सायकलला कुणी हात लावू नका." ठेवला.

चिऊची आई
सगळ्या कपड्यांवर दोऱ्याने नाव काढून दिलं होतं. परत आला तो भलत्याच कुणाच्या चड्ड्या घेऊन 🤦‍♀️

वऱ्हाडी ठेचा
अमरावती म्हटलं की गिला वडा! बाकी काही आठवत नाही भाऊ. हो, लू लागू नये म्हणून आई खिशात कांदा द्यायची. खेळून खेळून त्याचा पार चेंदा व्हायचा.

शमा
मुलीचा दोरीचा मल्लखांब. अंगठ्याच्या बेचक्यात दोरी धरून धरून कातडं सोललं. मी हळद लावतेय, डोळ्यांत पाणी माझ्या. ती म्हणे पुढच्या वर्षी कधी आहे?

निवांत
आम्ही अर्ध्यातून परत आणला. ताप नाही, काही नाही, नुसतं "आजी पाहिजे". पुढच्या वर्षी मात्र स्वतःहून गेला... खोटं कशाला बोलू, नाही गेला. घरी बुद्धिबळ खेळतो.

नवी आई
मुलगा नऊ वर्षांचा, कधीकधी अंथरूण ओलं करतो. पाठवू का?

मिरजेची माई
@नवी आई पाठव गं. सरांना आधी एकटं गाठून सांग, रात्री उठवतात ते. जास्तीची चादर दे. आमच्याकडेही होतं हे, व्यनि (खाजगी निरोप) करते.

चिऊची आई
कुकर झाला, नंतर लिहिते.

वऱ्हाडी ठेचा
कांदा पांढराच पाहिजे बरं का.

शमा
पांढरा का? आमच्याकडे लालच देतात.

धागाकर्ता
कांद्याचा वेगळा धागा काढा रे. आणि ठेचाभाऊ, गिला वडा कुठल्या गाडीवरचा ते सांगून जा.