जुने दस्तऐवज वाचण्यासाठी पोर्तुगीज: आधी व्याकरण, उच्चार की शब्दसंग्रह?

कुळागरी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गोव्यातील घरी आजोबांच्या काळातील जमिनीचे कागद आहेत. त्यांत १९३० च्या दशकातील एक विक्रीखत आणि वाटणीचे काही दस्तऐवज असून ते सगळे पोर्तुगीजमध्ये आहेत. दर वेळी अनुवादकाकडे जाण्यापेक्षा भाषाच शिकावी, असे ठरवून मोबाइलवरील अ‍ॅप आणि इंग्रजी माध्यमाचे एक पुस्तक यांच्या आधारे अभ्यास सुरू केला आहे. शब्द बरेच पाठ झाले, पण लिस्बनच्या बातम्या लावल्या तर काहीच हाती लागत नाही, आणि ‘सेर’ व ‘इश्तार’ या ‘असणे’ अर्थाच्या दोन क्रियापदांत नेहमी गोंधळ उडतो. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, घराबाहेर कोंकणी बोलतो. आधी कशावर भर द्यावा, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

फोंड्याची शिक्षिका

मराठी माध्यम ही आपली जमेची बाजू आहे आणि इंग्रजी पुस्तकामुळे ती वाया जात आहे. निर्जीव वस्तूंनाही लिंग असते, विशेषण त्याप्रमाणे बदलते, क्रियापदाच्या प्रत्ययावरून कर्ता कळत असल्यामुळे सर्वनाम गाळता येते, हे इंग्रजी वाचकाला पानेच्या पाने समजावून सांगावे लागते. आपण ते लहानपणापासून करत आला आहात. ‘तो गेला’ आणि ‘तो जात असे’ यांतला भेद ज्याला कळतो, त्याला पोर्तुगीजमधील दोन साध्या भूतकाळांचा उपयोग वेगळा शिकवावा लागत नाही. रूपे मात्र पाठ करावीच लागतात, तिथे पळवाट नाही. नाम नेहमी उपपदासह (म्हणजे इंग्रजीतील ‘द’सारख्या, पण इथे लिंग दाखवणाऱ्या शब्दासह) पाठ करावे, कारण ‘आ’कारान्त शब्द स्त्रीलिंगी हा ठोकताळा बराच चालत असला तरी ‘दिया’ म्हणजे दिवस आणि ‘मापा’ म्हणजे नकाशा हे पुल्लिंगी आहेत, तर ‘मांव’ म्हणजे हात हा स्त्रीलिंगी आहे.

आता ‘सेर’ आणि ‘इश्तार’. मराठीत दोन्हींसाठी ‘असणे’च असल्यामुळे इथे आपल्याला आयती मदत मिळत नाही. पुस्तकात बहुधा ‘कायमचे असेल तर सेर, तात्पुरते असेल तर इश्तार’ असे दिले असेल. हा नियम मला मुळीच पटत नाही, कारण माणूस मृत आहे हे सांगताना इश्तार वापरतात, आणि मरणाहून कायमचे ते काय? ‘दार लाकडी आहे’ यात वस्तूची ओळख आहे, तिथे सेर. ‘दार उघडे आहे’ यात घडलेल्या क्रियेतून आलेली स्थिती आहे, तिथे इश्तार. ‘उघडलेले आहे’, ‘मेलेला आहे’ असे ‘-लेला’ लावून वाक्य नीट बसत असेल तर प्रथम इश्तारचा विचार करावा. ही कसोटी सर्वत्र लागू पडत नाही, पण सुरुवातीचा बराचसा गोंधळ तिने मिटतो.

मांडवीकाठ

बातम्या न कळण्याचे कारण अ‍ॅपमध्ये असावे. बरीच अ‍ॅप ब्राझीलचे उच्चार शिकवतात. तिथे बहुतेक भागांत ‘दिया’चा ‘जिया’ होतो आणि स्वर मोकळेपणाने उच्चारले जातात. लिस्बनकडे आघात नसलेले स्वर अर्धेअधिक गिळले जातात, त्यामुळे ‘इश्तार’ प्रत्यक्षात ‘श्तार’ असा ऐकू येतो आणि शब्दाच्या शेवटचा ‘स’ पुष्कळदा ‘श’ होतो. पोर्तुगालच्या आरटीपी या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा रेडिओ इंटरनेटवर ऐकता येतो. कळो न कळो, रोज थोडा वेळ लावावा.

लिखाणावरून उच्चार ओळखण्याचे धडे तर आपल्या रस्त्यांवर लागलेले आहेत. केपे (Quepem) आणि सांगे (Sanguem) ही गोव्यातील गावांची नावे रोमन लिपीत कशी लिहितात ते पाहा: मधला ‘यू’ उच्चारायचा नसतो आणि शेवटचा ‘एम’ फक्त आधीचा स्वर नाकात गेल्याची खूण असतो. बाहेरचा पर्यटक ‘क्वेपेम’, ‘संग्वेम’ म्हणतो, आपण म्हणत नाही. कोंकणीत ‘हांव’ म्हणणाऱ्याला हे अनुनासिक स्वर जड जाऊ नयेत.

जुनी दप्तरे

वरील दोन्ही उत्तरे योग्य असली तरी प्रश्नकर्त्याला दस्तऐवज वाचायचे आहेत, लिस्बनला राहायला जायचे नाही. त्यामुळे माझ्या मते उच्चार मागे ठेवून नोटरीची भाषा आधी घ्यावी. ती ठरावीक साच्याची असते: तारीख (तीही अक्षरांत), कार्यालय, पक्षकार, मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा. चतुःसीमेत पूर्वेला ‘नश्सेंत’ आणि पश्चिमेला ‘पुएंत’ असते, म्हणजे आपली उगवत आणि मावळतच. अंक अक्षरांत वाचता आले आणि चारही दिशांचे शब्द ओळखता आले की जमीन कोणती, ते समजते.

दोन अडचणी येतील. पहिली शुद्धलेखनाची: पोर्तुगालने १९११ मध्ये शुद्धलेखन सुधारले, पण जुन्या वळणाचे कारकून नंतरही जुनेच लिहीत. ‘फार्मासिया’ ‘पीएच’ने लिहिलेला किंवा जोडाक्षरात ‘एल’ दोनदा आलेला दिसला, तर शब्दकोशात तो साध्या रूपाने शोधावा. दुसरी व्याकरणाची: ‘जर’ आणि ‘जेव्हा’नंतर पोर्तुगीजमध्ये भविष्याचे एक खास रूप येते, जे करारांच्या अटींत पदोपदी भेटते. नियमित क्रियापदांत तृतीयपुरुषी एकवचनात ते मूळ क्रियापदासारखेच दिसते, म्हणून नवशिक्याची नजर त्यावरून घसरते.

वाटणीचे कागद शेवटी घ्यावेत. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील वारसाहक्काच्या संज्ञा कळल्याशिवाय ते भाषा येऊनही उलगडत नाहीत. विक्रीखतापासून सुरुवात करावी, आणि एखादी ओळ अडल्यास तिची नक्कल इथे द्यावी; नावे व मिळकतीचा क्रमांक तेवढा झाकावा.